नखांखालचा रंग

ग्वासिमारा बिल्बाओहून आली ती
आपलं खाणं आपणच घेऊन.
सोयाबीनचे चौकोनी तुकडे, बदामाचं दूध,
गुलाबी दह्याचे सहा डबे.
अकरा वर्षं झाली तिला मांस सोडून.
ईस्टरला तिच्या बापानं, इलारिओनं, करडू कापलं,
आणि ते करडू तिनं बाटलीनं पाजून वाढवलेलं होतं.
तेव्हापासून.

मी काही म्हटलं नाही तेव्हाही.
ज्याचं पोट त्याचं.

सकाळी मी निवडुंगात होते.
ग्वातिसाची माती काळी, ज्वालामुखीची.
तिच्यात निवडुंगाच्या रांगा, आणि पानापानावर
कुणी राख झटकल्यासारखे पांढुरके किडे.
वारा सुटायच्या आत खरवडावे लागतात.
लांब दांडीचा पत्र्याचा चमचा, माझ्या आईचा.
काटा रुतला तर थुंकी लावायची, पुढचं पान धरायचं.
एकेक किडा म्हणजे एकेक जीव, खरंय.
मी मोजले नाहीत.
मोजत बसले असते तर चमचा चालला नसता.

परत आले तर ती टेबलाशी,
एका हातात फोन, एका हातात दह्याचा डबा.
"आई, हे बघ. ई एकशेवीस."
मला वाटलं, बसचा नंबर.
मग तिनं मोठ्यानं वाचलं: कार्मिन. किड्यांपासून.
आणि वाचता वाचता थांबली.

मी हसले नाही, शपथ.
नुसते हात पुढं केले.
चाळीस वर्षांत ह्या नखांखालचा रंग
लिंबानं गेला नाही, सोड्यानं गेला नाही.
लग्नात मी हातमोजे घातले होते.

"ह्याच्यासाठी?" ती म्हणाली.
कशासाठी ते मला काय ठाऊक.
व्यापारी येतो, गोणी तोलतो, बोटीत टाकतो.
पुढं कुणाच्या ओठांना, कुणाच्या गोळ्यांना.
माझ्या लेकीच्या दह्यात येईल
असं कुणी सांगितलं असतं तर
मी गोणीत दोन खडे जास्त घातले असते.

मग तिला एकेक आठवायला लागलं.
"आणि तुझं चीज?"
दूध विरजतं कशानं, सांगितलं.
दूधपित्या करडाच्या पोटातलं असतं ते, वाळवून ठेवतात.
ती गप्प.
मग हळूच, "त्याच्या पोटातलं पण?"
त्याच्या म्हणजे कुणाच्या, दोघींना माहीत होतं.
नाही, म्हटलं मी.
इलारिओनं त्या वर्षी काही वाया घालवलं नव्हतं.

"म्हणजे मी कधी शाकाहारी नव्हतेच," ती म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, आमचं लग्न कधी लागलंच नव्हतं.

माझ्या मांडीवर मसुराचं ताट होतं, निवडत होते.
खडा सापडला की आपण खडा टाकतो,
मसूर टाकत नाही, असं म्हणणार होते.
पण मनात आलं, हिची फी,
प्रयोगशाळेतला तो पांढरा डगला,
पहिल्या वर्षीचे हिवाळ्याचे बूट,
सगळं ह्या चमच्यानं खरवडलेलं.
त्यातला खडा कुठला, मसूर कुठला?
बोलले नाही. निवडत राहिले.

रात्री म्हणाली, गोफिओ कर.
भाजलेल्या मक्याचं पीठ, पाणी, मीठ. संपलं.
खुंटीवरची पिशवी काढली मी
आणि पुन्हा खुंटीला लावली.
शेळीच्या कातड्याची आहे ती,
आमच्याकडं तिच्यातच मळतात.

मग वाडग्यात मळलं. ह्याच हातांनी.
पहिला गोळा तिच्यापुढं ठेवला.
तिनं गोळ्याकडं पाहिलं, मग माझ्या नखांकडं,
बराच वेळ.
बाहेर वारा सुटला होता,
पत्र्यावर वाळूसारखं काही वाजत होतं.

खाल्लं तिनं.
"मीठ कमी आहे," म्हणाली,
आणि दुसरा गोळा मागितला.